डब्यातला न दिसणारा धागा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी साताऱ्यात एका प्रयोगशाळेत धागे ओढत होतो. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या चिकट पॉलिमरमध्ये कालवायच्या आणि त्याचा थेंब ओढून दोन इवल्याशा खुंट्यांमध्ये केसाहून कितीतरी बारीक धागा अधांतरी ताणायचा. दोन महिने धागे नुसते तुटले. एक टिकला, तो खुंट्यांसकट डब्यात घालून माझ्या मार्गदर्शक सरांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायला मी एस.टी.ने सांगलीला निघालो.

शेजारी लाल पागोट्याचे एक धनगर आजोबा टकळीवर काळी लोकर कातत बसले होते. गाडी खड्ड्यांतून उडायची, त्यांचा धागा तुटायचा. बोटाला थुंकी लावून ते तो जोडायचे की पुढे चालू. मला हेवाच वाटला.

"पावणं, लेकरागत काय धरलंय मांडीवर?"

"धागा आहे, आजोबा."

"बघू की."

मी ऐटीत झाकण उघडलं. त्यांनी डोकं जवळजवळ डब्यातच घातलं.

"कुटं हाय?"

"डोळ्यांना दिसत नाही तो. श्वास सोडू नका, तुटेल!"

त्यांनी गाल फुगवून, लालबुंद होईपर्यंत श्वास धरला. मग माझ्याकडे फार कणवेने पाहिलं.

"दिसत न्हाई, वारा सोसत न्हाई. मग करायचा कशाला?"

माझं त्यावरचं व्याख्यान त्यांनी कातत कातत ऐकलं. विट्याला उतरताना म्हणाले, "तुटला तर सांगा. आमच्याकडं लय हाय."

सांगलीत सरांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि मला बोलावलं. माझा धागा तुटून लोंबत होता. या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत दोरखंडासारखा ताठ पडला होता मेंढीचा एक काळा केस.

"हा मात्र झकास जमलाय," सर म्हणाले.