पॉलिशच्या ड्रममधल्या पुंगळ्या

आमचे मालक फौजेतून पेन्शनवर शिरड शहापूरला परतले, तेव्हा नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. फौजेत ते हत्यारं दुरुस्त करायचे. गावी आल्यावर परवान्याची एक रायफल घेतली आणि हिंगोलीच्या एका रायफल क्लबात जाऊ लागले. झाडून झालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या क्लबाच्या परवानगीनं ते पुन्हा भरायचे. क्लबातली चार-सहा माणसं आपली काडतुसंही त्यांच्याचकडून भरून घ्यायची. 'फौजींचा हात' म्हणून नाव झालं होतं.

मला त्या नावाचा राग यायचा. "हाताचं कौतुक लई झालं," मी म्हणायची, "त्याच हातानं दोन घागरी पाणी आणा." ते खरंच आणायचे, आणि घागर मोजून काठोकाठ.

पुंगळ्या दोन जातींच्या असायच्या. काही बाजारातल्या, काही लष्करी. बाहेरून जुळ्या बहिणी. पण लष्करी पुंगळीचं पितळ आतून जाड. त्यामुळं पोटात जागा कमी. बाजारच्या पुंगळीत मावते तेवढी दारू तिच्यात घातली तर दाब भलताच वाढतो, म्हणून तिला माप कमी लागतं. बुडाशी ठिणगी पाडणारी जी टोपी बसते, तिच्याभोवती लष्करी पुंगळीला कारखान्यातूनच एक दाबलेलं कडं असतं. ते मालक पहिल्याच खेपेला काढून टाकायचे. मग ओळख उरायची ती गळ्याशी असलेल्या निळसर डागाची. भट्टीत तापवल्याचा डाग. लष्करी पुंगळीवर तो तसाच राहू देतात, बाजारची मात्र चकचकीत करून विकतात. बुडावर इंग्रजी अक्षरं असायची, पण मालकांना चष्मा लावायची लाज. ते डाग बघायचे आणि दोन डब्यांत वेगळ्या ठेवायचे.

हे सगळं त्यांनी मला दहादा सांगितलं होतं. मी भाजी निवडत ऐकायची, म्हणजे ऐकायची नाही.

एकदा ते दोन दिवस नांदेडला गेले. शेजारी हळद पॉलिश करणं चालू होतं. जाळीचा मोठा ड्रम, त्यात वाळलेली हळकुंडं घालून फिरवायची, की घासून पिवळीधमक होतात. माझ्या डोक्यात किडा वळवळला. पुंगळी हळकुंडाएवढीच, फिरवायला काय हरकत? दोन्ही डबे उचलले, लाकडाच्या भुशासकट ड्रममध्ये ओतले आणि शेजारणीला घेऊन अर्धा तास हँडल मारलं. पंचेचाळीस वर्षांची घोडी, लेकीचं लग्न लावून मोकळी झालेली, आणि भातुकली खेळत होती.

पुंगळ्या सोन्यासारख्या निघाल्या. डाग एकीवरही नाही.

तेव्हा कुठं मला डबे आठवले. पण हार मानेन तर मी कसली? जाड पितळ म्हणजे जड, एवढं कानावर होतं. एकेक पुंगळी तळहातावर तोलली. जड वाटली ती इकडं, हलकी ती तिकडं. बाजारात वांगी घेतल्यासारखं.

मालक आले. एक पुंगळी उजेडात धरली.

"डाग कुठं गेला गं?"

"घासला. भांडी काळी ठेवायची सवय न्हाई माझ्या घरात."

"आन् वेगळ्या?"

"व्हय की. बराबर वेगळ्या हायेत. मी काय आंधळी हाय का?"

ते हसले. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला.

पुढच्या रविवारी क्लबात तिसऱ्याच बाराला रायफलीच्या मागच्या बाजूनं धूर फसकन त्यांच्या तोंडावर आला. बोल्ट असा अडकला की लाकडानं ठोकून उघडावा लागला. गालावर काळे ठिपके आणि भुवई जळलेली, एवढंच. दोन बोटं इकडंतिकडं झालं असतं तर डोळा गेला असता. घरी येऊन ओसरीवर बसले.

"दारू जास्ती पडली माझ्याकडून," म्हणाले. "हात चुकला."

मी गालाला खोबरेल लावत होते. पुंगळ्या मी नुसत्या हातावर तोलून वेगळ्या केल्या, हे सांगायला ती वेळ चांगली होती. मी म्हणाले, "वय झालं आता तुमचं."

हे वाक्य मी आजही स्वतःला ऐकवते.

त्यांनी भरणं बंद केलं. क्लबातली माणसं दोनदा बोलवायला आली, तर "आता नको" म्हणाले. मग पाण्याच्या मोटारीचं बटण बंद केलं का, ते मला बघायला लावू लागले. औषधाच्या गोळ्या मीच मोजून द्यायच्या. चहात साखर घालतानासुद्धा चमचा माझ्यापुढं करायचे. ज्या माणसाला दाण्याएवढी दारू कमीजास्त झालेली कळायची, तो. मी रोज ठरवायची, उद्या सांगू. मग वाटायचं, इतक्या दिवसांनी सांगितलं तर म्हणतील, काहून लपवलं? म्हणून आणखी दिवस घालवायची.

हिंगोलीचा जिल्हा झाल्यावर काही वर्षांनी ते रायफल आणि परवाना परत करायला निघाले. सोबत मी. कचेरीतल्या बाबूनं अर्ज वाचून विचारलं, "फौजी, कशापायी परत करून राहिले?"

"हात राहिला न्हाई, साहेब."

बाबूनं माझ्याकडं बघितलं, जणू मीच काहीतरी बोलेन. मी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "लवकर करा भाऊ, आमची एसटी चुकंल."