जनरलांचा पेंटर

निवृत्तीच्या आठवडाभर आधी मी भोपाळमधल्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या पेंटरकडून स्वतःचे चित्र काढून घेतले. वसाहतीच्या क्लबात लावलेली लष्करी जनरलांची सगळी चित्रे त्यानेच रंगवली होती. निरोप समारंभात मला तसाच रुबाब हवा होता. नोकरीत माझ्या हाताखाली एकच टंकलेखक होता आणि तोही माझे ऐकत नसे.

पेंटरने मला उंच स्टुलावर बसवले आणि स्वतः जमिनीवर बसला. मी हनुवटी वर केली. तिसऱ्या दिवशीही चित्रातले डोळे कोरेच होते.

“जनरल साहब लोगों के सिर के ऊपर से देखते हैं,” तो ब्रश पुसत म्हणाला. “आप तो देख रहे हो कि कौन-कौन आपको देख रहा है.”

“फिर?” मी विचारले.

“काला चश्मा लगा दूँ?”

समारंभात माझे चित्र काळ्या चष्म्यासह लागले.