फ्रीजमधलं ढेकूळ

ज्या घरात एक रिटायर्ड हेडमास्तर आणि एक आचारी असतो, त्या घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत. मेथी निवडताना देठं पडतात तसे ते रोज पडतात. मी झाडून टाकते, तरी कोपऱ्यात ढीग होतोच. यंदाच्या थंडीत तर एका काळ्या ढेकळानं एवढे किस्से दिले की म्हटलं, आता लिहूनच काढावेत. मला लिहायला कुणी शिकवलं नाही. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले. तेव्हा हेडमास्तरांनी यात लाल शाईनं गोल करत बसू नये.

हेडमास्तर म्हणजे माझा धाकटा भाऊ आप्पा. आचारी म्हणजे त्याचा एकुलता एक मुलगा अभिजित. बेंगळुरात मोठ्या हॉटेलात शेफ आहे. आप्पा त्याला शेफ म्हणत नाही. "मी पोरगा शिकवला तो लोकांची ताटं वाढायला न्हाय," हे त्याचं वाक्य आमच्या अख्ख्या अनगोळ गावाला पाठ आहे. अभिनं ही नोकरी धरल्यापासून आप्पानं त्याच्या हातचा घास तोंडात घातला नव्हता. चहासुद्धा नाही! पोरगं सुट्टीला आलं की आईला आणि मला करून घालायचं, आणि बाप शेजारीच बसून ताकभात ओरपायचा.

यंदा अभि आला तो ठरवूनच. "आत्या, ह्या खेपेला आप्पांनी माझ्या हातचं खाल्लंच पाहिजे. मी ट्रफल मागवलंय."

"ते काय असतंय?"

"जमिनीखाली उगवणारी अळंबी. लई महाग. बाहेरच्या देशातनं येते."

"का? खानापूरच्या रानातली अळंबी आप्पाला चावली असती व्हय?"

पण पोराचं तोंड बघितलं आणि पुढचं गिळलं. मी गिळलं म्हणजे बघा!

* * *

पार्सल आलं तेव्हा अभि बाजारात गेला होता. आमची सुनंदा, म्हणजे त्याची आई, कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय कुरियरवाल्याला फाटकाबाहेर सोडत नाही. साडीत एकदा फसलीय ती.

एवढा मोठा थर्माकोलचा डबा. आत बर्फाच्या पिशव्या. त्याच्या आत कागद. कागदाच्या आत आणखी एक कागद. आणि त्यात लिंबाएवढे दोन काळे गोळे, वरनं खरबरीत.

सुनंदानं कपाळावर हात मारला. "आक्का, फसवलं की पोराला! काळ्या रानातली ढेकळं पाठवल्यात!"

कुरियरवाला बिचारा डब्यावर बोट ठेवून म्हणाला, "मावशी, हितं लिवलंय बघा, फ्रेश."

मी म्हटलं, "व्हय बाबा. शिळी ढेकळं आमच्या शेतात हायतच. ही तेवढी फ्रेश!"

* * *

अभिनं ती ढेकळं टिश्यू पेपरात गुंडाळून काचेच्या बरणीत घातली आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवली. रोज सकाळी उठून कागद बदलायचा. ओल धरली तर सडतं म्हणे. जुना कागद काढायचा, ब्रशनं हळूच माती झाडायची, नवा कागद गुंडाळायचा. पाणी अजिबात लावायचं नाही.

आप्पा पेपराच्या आडून सगळं बघत होता. तिसऱ्या सकाळी बोललाच. "सुनंदा, मला टायफॉइड झालता तेव्हा माझी चादर कुणी एवढ्यांदा बदलली नव्हती गं."

सुनंदा कधी उलटून बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "तुमाला बरणीत घालता आलं नव्हतं."

* * *

त्याच दुपारी अभि मित्राकडं गेलेला आणि सुनंदाला गॅसचा वास आला. ओट्याजवळ कमी, मधल्या खोलीत जास्त. तिनं रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, आप्पाला झोपेतनं उठवून बनियनवर रस्त्यावर काढलं, आणि गॅसवाल्याला फोन लावला. शेजारचे वकील बाहेर येऊन सगळ्या गल्लीला सांगायला लागले, "कुणीही काडी ओढू नये! कायद्यानं जबाबदारी तुमच्यावर येईल!" ओढतं कोण? गल्लीत विडी पिणारे ते एकटेच.

गॅसवाला आला. नळीला साबणाचा फेस लावून बघितला. बुडबुडा नाही. मग नाक वर करून वास घेत घेत मधल्या खोलीत गेला, फ्रीज उघडला आणि दोन पावलं मागं सरला.

"अम्मा, गॅस इल्ला," तो सुनंदाला कानडीत म्हणाला. "फ्रिज वळग एनो सत्तैती!"

म्हणजे, गॅस नाही, फ्रीजमध्ये कायतरी मेलंय.

* * *

ट्रफल आहे म्हटल्यावर वकील दाराशी घिरट्या घालायला लागले. एकदा युरोपची टूर करून आलेत. तेव्हापासून आमच्याशी बोलताना मान जरा मागं टाकून बोलतात.

"आम्ही तिकडं खाल्लंय हो ट्रफल. इथल्या लोकांना कळायचं नाही. एक तुकडा द्या, रविवारी एक निवृत्त न्यायाधीश जेवायला येणारेत."

अभि भिडस्त. एक गोळा अर्धा कापून दिला आणि बजावलं, "काका, शिजवायचं न्हाय. गरम भातावर, लोणी घालून, वरनं पातळ किसायचं. बास."

वकिलांनी ऐकलं. वकिलीणबाईंनी ऐकलं नाही. जमिनीतनं निघालेली वस्तू! सुरण, अळकुड्या निवडण्यात त्यांचा जन्म गेलेला. घसा खाजला तर न्यायाधीशांना काय सांगायचं? त्यांनी ते खसाखसा धुतलं, साल काढली, फोडी केल्या, चिंचेचा कोळ घातला आणि कुकरच्या शिट्ट्या काढल्या.

रविवारी वकिलांनी स्वतः वाढलं. "साहेब, इटालियन ट्रफल!"

न्यायाधीशांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, डोळे मिटले. वकील पुढं सरकून बसले.

"वकीलसाहेब," न्यायाधीश म्हणाले, "चिंच कुठून आणता?"

* * *

आता आप्पाचं ऐका. अभिनं बेत केला. वाफाळता भात, घरचं लोणी, आणि ताटावर उभं राहून त्या गोळ्याच्या चकत्या पाडायच्या. आप्पाला मीच हाताला धरून पाटावर बसवला.

"हे जमिनीखालचं शोधतात कसं?" आप्पानं विचारलं. चौकशी केली, हेच आम्हाला लई वाटलं.

अभि खुलला. "आधी डुकरं शोधायची, आप्पा. वासावरनं उकरून काढायची."

"डुकराचं उष्टं?"

"न्हाय न्हाय, आता कुत्री वापरतात."

"मग झ्याक!" म्हणून आप्पानं ताट सरकवलं आणि उठला. "सुनंदा, मला ताकभात घाल."

मी त्याला सोडला नाही. म्हटलं, "आयुष्यभर पोरांना अन्नाला नावं ठेवू नका म्हणून छड्या मारल्यास. आता हात पुढं कर की, मी मारते!"

"आक्का, तू ह्यात पडू नको."

"का? तुझं ढुंगण धुतलंय मी. ताटात पडायला मला परवानगी लागत न्हाय!"

पण गेलाच. तो भात मी खाल्ला. खरं सांगते, ओल्या गोणपाटाला लसूण चोळून ठेवल्यासारखा वास. हे खायला लोक विमानानं जातात! अभि मात्र समोर बसून नुसता चकत्या पाडायची पट्टी पुसत होता. एकच पट्टी, परत परत. ते मला बघवलं नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी अभिची गाडी होती. ट्रफल संपलेलं. शेवटचं चिमूटभर त्यानं माझ्याच ताटात घातलं होतं. सुनंदा सकाळी देवळात गेली ती लवकर येईना आणि आप्पाला भूक लागली. मी मुद्दाम गुडघे दुखतात म्हणून पडून राहिले.

अभि म्हणाला, "आप्पा, अंडं तळून देऊ?"

आप्पानं थोडा वेळ घड्याळाकडं बघितलं. "दे. अंडं कुणीबी तळतंय. त्याला काय शिकाय लागत न्हाय."

अंडी सदलगा गावच्या, आमच्या ओळखीतल्या शेवंतानं दिलेली, गावठी. पण ठेवायला जागा नव्हती म्हणा, की आणखी काय म्हणा, अभिनं ती चार दिवस त्या बरणीतच ठेवली होती, ट्रफलला चिकटून, झाकण घट्ट लावून. मला म्हणाला होता, "आत्या, कवचातनं वास आत शिरतो." मी म्हटलं होतं, "जा, थापा मारू नको."

लोण्यात तळलं. मीठ टाकलं. भाकरीबरोबर दिलं.

आप्पानं एक घास घेतला आणि थांबला. दुसरा घेतला. मग कुणाकडंही न बघता सगळं खाल्लं आणि भाकरीच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं.

"आणखी एक हाय?"

अभिनं आणखी एक तळलं. तेही गेलं.

"काय घातलास ह्यात?"

"मीठ, आप्पा."

"मीठच?"

"मीठच. आत्याला विचारा."

मी पडल्या पडल्या म्हटलं, "मीठच. मी बघितलंय."

आप्पा हात धुऊन आला. मग म्हणाला, "हात चांगला हाय तुझा." आणि मला, "आक्का, ही अंडी कुणाकडची?"

"शेवंताची."

अभिची गाडी गेली तशी आप्पानं सदलग्याची एसटी धरली. संध्याकाळी पिशवीतनं शेवंताची कोंबडी घेऊन आला. आता ती आमच्या अंगणात डालग्याखाली असते. दाणा आप्पाच घालतो, निवडलेली ज्वारी. सुनंदानं तळलेलं अंडं एकदा चाखून त्यानं बाजूला सारलं. दर महिन्याला अभिला फोन जातो, "रविवारी ये. तू तळल्याबिगर काय कळत न्हाय." पोरगं येतं, तळतं, बाप खातो.

आणि रोज सकाळी हेडमास्तर डालग्यापुढं उकिडवे बसून, छडी मारायच्या आधी बोलायचे त्या आवाजात, कोंबडीला म्हणतात,

"त्या दिवशी जमलं हुतं न्हवं? मग आता ती चव का येत न्हाय?"