दोन पाळ्यांची गोधडी

भिवंडीत टेमघरला आम्ही सात लूम कामगार एका खोलीत राहायचो. चूल एक, माठ एक आणि गोधड्या माणसांपेक्षा कमी. मी दिवसपाळीला. मी उठलो की त्याच गोधडीत रातपाळीहून आलेला उत्तरेकडचा एक भाई झोपायचा. सातवीत शाळा सोडून सोलापूरहून आलेल्या मला तेवढी जागाही मोठी वाटायची, आणि ती जाईल याची कायम धास्ती असायची.

एकदा मला ताप भरला. आजारी माणसाला गावी पाठवतील, या भीतीने मी कुणाला बोललो नाही. सकाळी तोंड धुऊन डबा भरत बसलो. भाई आला, गोधडीवर बसला आणि लगेच उठला.

"इतनी गरम? ही गोधडी हाय का भट्टी?" त्याने माझ्या कपाळाला हात लावला. "चल, लेट जा."

"पण आता तुमची झोपायची वेळ आहे, भाई."

त्या दिवशी चुलीची पाळी आमच्याच खोलीतल्या, वाडा तालुक्यातल्या काकांची होती. ते म्हणाले, "गप पड. पावना हायस का तू?"

"काका, गावाला नका पाठवू."

"तुला पाठवला तर माझ्या करपल्या भाकरी खानार कोन? बाकीचे नावं ठेवतात."

भाई हसला. कारखान्यात निरोप द्यायला त्याने एकाला पिटाळलं आणि आपली लुंगी खिडकीवर बांधली. "इसको उजेडात सोने की आदत नहीं," म्हणाला, आणि माझ्या शेजारी नुसत्या जमिनीवर आडवा झाला. लगेच घोरायलाही लागला. त्या आवाजात मला गाढ झोप लागली.