चूलबंद आवतण आणि माझं परराष्ट्र धोरण

आंतरराष्ट्रीय राजकारणावरची तीन जाडजूड पुस्तकं मी वाचून संपवली आणि त्याच महिन्यात माझी माझ्या चुलतभावाशी बोलणी फिस्कटली.

पुस्तकं घेण्यामागचा हेतू शुद्ध होता. रिसोडच्या बाजारात सोयाबीनचा भाव पडला की व्यापारी आभाळाकडं बोट करून म्हणायचा, "भाऊ, तिकडं परदेशात गडबड चालू हाये." ही गडबड नेमकी काय, हे एकदा मुळातून समजून घ्यावं म्हणून मी पुस्तक प्रदर्शनाच्या मांडवात शिरलो. बाहेर आलो तेव्हा पिशवीत सत्तेचा समतोल, सीमावाद आणि वाटाघाटींचं शास्त्र होतं. (बायकोनं सांगितलेली मोहरी राहिली. पण महासत्ता होताना काही गोष्टी राहतातच!)

वाचता वाचता मला पहिला धक्का बसला तो असा, की आमचं वावर हा एक भूवेष्टित देश आहे! चारी बाजूंनी दुसऱ्यांची वावरं. रस्त्यावर जायचं तर चुलतभाऊ सुदामच्या वावरातून. सोयाबीन काढायचा हडंबा, म्हणजे ट्रॅक्टरमागचं ते मळणीचं धूड, दरवर्षी त्याच्याच धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, यायचा. परवानगी कधी कुणी मागितली नाही, कधी कुणी दिली नाही. पुस्तकाच्या हिशेबानं ही परिस्थिती स्फोटक होती.

त्यातच सुदाम एक दिवस म्हणाला, "हे पाय, यंदा धुऱ्याजोळ तूर हाये. मशीनवाल्याले जरा सांभाळून आनजो म्हना. बस."

हे "बस" मला खटकलं.

"अवो, तो नुसता तूर सांभाळा म्हनून राह्यला," बायको, म्हणजे नलू, म्हणाली. "यात तुमाले चाल कोठून दिसली?"

"तुले नाई समजायचं. बलाढ्य शेजारी आधी लहानच अट घालते."

"सुदामभाऊजी बलाढ्य? त्याहीले जिना चढला की दम लागते!"

पण मी शास्त्राला धरून होतो. वाटाघाटी तटस्थ भूमीवर कराव्यात, सोबत भोजन असावं आणि पहिली फेरी फक्त दोन प्रमुखांत व्हावी, असं तिसऱ्या पुस्तकात स्पष्ट होतं. तटस्थ भूमी म्हणून मी नाल्याकाठची बाभूळ नक्की केली. भोजन म्हणून रोडगे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण यांच्यापुढं कुठलंही राष्ट्र नमतं, ही माझी स्वतःची भर. मग सुदामला फोन लावला.

"उद्या रोडगे हायेत. तू येजो. एकटाच येजो."

"एकटा?"

"हो. शिष्टमंडळ नको."

"अन माय?"

"काकूचा या टप्प्यावर संबंध नाई."

फोन कटला. मला वाटलं, विचार करायला वेळ घेतला असेल!

आता आमच्याकडची रीत सांगतो, म्हणजे मी काय करून बसलो ते कळेल. आमच्याकडं रोडग्यांचं आवतण द्यायचं ते चूलबंद. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, म्हातारीपासून पाळण्यातल्यापर्यंत सगळे जेवायला आपल्याकडं. एकट्यालाच बोलावणं म्हणजे बाकीच्या घराला वाळीत टाकणं! आणि सुदामची माय, गिरजाकाकू, म्हणजे आमच्या भावकीतली सर्वांत वडील बाई. माझं लग्न तिनंच जमवलेलं. (त्या बोलण्यांत मी नव्हतो, म्हणून ती यशस्वी झाली.)

दुसऱ्या दिवशी बाभळीखाली सुदाम आला नाही. हडंबा मात्र आला. माझं सोयाबीन कापून सुडी, म्हणजे ढीग, लावलेली, वर आभाळ काळंभोर. मशीनवाला आजच्या दिवसापुरता, उद्या मेडशी गावाकडं जाणार. आज काढलं नाही आणि पाणी आलं, तर वर्षाचं पीक काळं पडणार. आणि सुदामच्या धुऱ्यावर, ऐन वाटेत, बाज टाकून काकू सुपारी कातरत बसलेली! नाकेबंदी!

"काकू, बाज जरा सरकवू का?"

"काहून? हे वावर कोनाचं?"

"तुमचंच."

"मंग? मी माह्या देशात बसून राह्यली. तुह्या देशात तर मले आवतण नाई."

माझी परिभाषा शत्रूच्या हाती लागली होती.

"काकू, आपण टप्प्याटप्प्यानं..."

"टप्पा गेला खड्ड्यात!"

वर गडगडलं. मशीनवाला ट्रॅक्टरवरून ओरडला, "भाऊ, युद्ध करा नाई तं तह करा, पन लवकर करा! मले उद्या मेडशीले जा लागते!"

थेट चर्चा फसली की मित्रराष्ट्राची मदत घ्यावी. मी सोबत आलेल्या नलूकडं पाहिलं. ती पुढं झाली, बाजेवर काकूच्या शेजारी बसली, सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि म्हणाली, "काकू, मी बी याहीले हेच सांगून राह्यली होती." माझं एकुलतं एक मित्रराष्ट्र फुटलं!

मग मी हात जोडले. "काकू, चुकलं. आज तुमच्या घराले चूलबंद आवतण."

"आज?" काकूनं अडकित्ता खाली ठेवला. "माह्या घरची चूल सकाळीच पेटली. जेवल्या घराले चूलबंद कसं देतं रे?"

"मंग रात्री!"

"नुसत्या आमाले? म्हंजे बाकीची भावकी उद्या बाजा घेऊन येईन."

"साऱ्या भावकीले!" मी ओरडलो, कारण नाकावर पहिला थेंब पडला होता.

काकू उठली. बाज मागं तुरीत उभ्या असलेल्या सुदामनंच उचलली. नुसती उचलली नाही, तो हडंब्याच्या पुढं चालत दोन्ही हातांनी तुरीच्या फांद्या बाजूला धरत गेला. "मी कदी नाई म्हटलं होतं काय बे?" एवढंच बोलला. पाणी मळणी होईपर्यंत थांबलं; शेवटच्या पोत्यावर आम्ही दोघांनी ताडपत्री ओढली आणि ते कोसळलं.

रात्री आमच्या पडवीत भावकी मावेना. काकूनं वांग्याची भाजी दोनदा वाढून घेतली आणि भर पंगतीत जाहीर केलं, "पुढच्या सालापासून आवतन नलू देईन, हडंब्याचं बी नलूच बोलीन. हा नुसता बाजूले उभा राहीन."

करार आजही टिकून आहे. जगातले भलेभले करार वाऱ्यावर उडत असताना हाच कसा टिकला, हे मी तीन पुस्तकांच्या आधारे ठामपणे सांगू शकतो: त्यात मला बोलायची परवानगी नाही!