उजव्या कानातले साचे

आमच्या चाळीत कोणाच्या अंगात आलं की बायका हळदकुंकू घेऊन धावायच्या, आणि मी आधी विचारायची, "सकाळपासून काही खाल्लंय का हिने?" सासूबाई जाम चिडायच्या माझ्यावर. तर मी अशी. भूत, भानामती, कोणाची सावली... एकाहत्तर वर्षांत माझा कशावर विश्वास बसला नाही आणि तुमचा बसावा असंही माझं म्हणणं नाही. जे झालं तेवढं सांगते. फोनवर मराठी टाइप करायला नातीने शिकवलंय, चुका सांभाळून घ्या.

आधी आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

हे परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापडाचा माग. शेकडो साचे एकदम खटाखट चालायचे, माणसं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलायची. त्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहून ह्यांचे दोन्ही कान गेले. पुढे गिरणी बंद पडली आणि हे भायखळ्याला एका गॅरेजात लागले. हात सोन्याचा! बघता बघता जुन्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांचे शौकीन लोक ह्यांना शोधत लालबागला आमच्या चाळीत यायला लागले.

आता त्या गाड्यांची एक गंमत असते. इंजिनाला दोन कार्बोरेटर, आणि दोघांनी हवा सारखी ओढली पाहिजे. नाहीतर गाडी खोकते. ते ओळखायचं कानाने. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. एकात 'स्सss' मोठं येतं, दुसऱ्यात बारीक... स्क्रू फिरवून दोन्ही सारखे करायचे. बहिऱ्या माणसाने हे कसं करावं? म्हणून मी! पदर खोचून बॉनेटमध्ये वाकायची. ह्यांच्या पाठीवर एक थाप म्हणजे आवळा, दोन म्हणजे सैल करा, तळवा पसरून ठेवला की बास. जवळजवळ तीस वर्षं मी ह्यांचा कान होते. उजवा कान — कारण हे नेहमी माझ्या डाव्या बाजूला असायचे, डावा हात त्यांच्या पाठीवर.

आणि हे काय म्हणायचे? "माझ्या कानात साचे अजून चालतत गो. धागो तुटलो काय साचो थांबता ना, तसा गाडयेत कायतरी चुकला काय ते थांबतत."

मी म्हणायची, "पुरे तुमच्या थापा. बहिऱ्याला म्हणे ऐकू येतं!"

हसून सोडून द्यायचे. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन.

आता माझी चोरी सांगते. हे गेल्यावर दोन वर्षांनी मला मोठं आजारपण आलं, त्यात उजवा कान पूर्ण गेला. डॉक्टर म्हणाले, नस मेली, मशीन लावूनही उपयोग नाही. घरच्यांशिवाय मी कोणाला बोलले नाही. अहो, जिच्या कानाचं एवढं कौतुक व्हायचं तिने कुठल्या तोंडाने सांगायचं?

तर गेल्या जानेवारीत मीनलचा फोन आला. मीनल म्हणजे गिरगावच्या बापूसाहेबांची लेक. बापूसाहेब जुने घरंदाज, वय सत्त्याऐंशी. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार आहे. गडद हिरवी, तारांची चाकं, लांबलचक नाक, आणि दार इतकं बुटकं की बसून हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल. तिला ह्यांच्याशिवाय कोणी हात लावलेला बापूसाहेबांना खपायचा नाही.

"काकी, बाबांना रविवारी मरीन ड्राइव्हला फिरवायचंय. डॉक्टरांनी एकच चक्कर म्हटलंय," मीनल म्हणाली. "पण गाडी खोकतेय. दोन मेकॅनिक झाले. बाबा हट्टाला पेटलेत, वहिनींच्या कानाशिवाय गाडी बाहेर काढायची नाही म्हणतात."

इथे खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हटलं, डावा कान आहे की धडधाकट, कोणाला कळतंय! गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेली ती जुनी नळी पिशवीत टाकली आणि रविवारी सकाळी आठला टॅक्सीने ठाकूरद्वारला पोचले.

बापूसाहेब कोट-मफलर घालून गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलेले. "वहिनी, उशीर केलात. मी सहा वाजल्यापासून नवरदेव होऊन बसलोय."

"आधी नवरी तपासू द्या," मी म्हटलं. "खोकतेय म्हणे."

"खोकायचं वयच झालंय तिचं. माझ्यापेक्षा कमी खोकते," म्हणाले.

मीनलने गाडी चालू केली, जरा तापू दिली आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्या डावीकडे उभी राहिली. अगदी ह्यांच्या जागेवर. मी वाकले, नळीचं एक टोक पहिल्या कार्बोरेटरला धरलं. ठरवलं होतं डाव्या कानाला लावायचं. पण तीस वर्षांची सवय हो... हात आपोआप उजव्याकडे गेला.

आणि मला ऐकू आलं!

'स्सss' नाही. साचे! खटाखट, खटाखट, खटाखट... एक नाही, शेकडो. लग्न झाल्यावर मी ह्यांचा डबा घेऊन गिरणीच्या गेटपर्यंत जायची. भिंतीपलीकडून तो आवाज यायचा, पायाखालची जमीन थरथरायची. तोच. चार वर्षं ज्या कानात चिटपाखरू नव्हतं त्या कानात! डाव्या कानात इंजिनाची घरघर वेगळी ऐकू येत होती, त्यामुळे गल्लत झाली असंही नाही.

तेवढ्यात इंजिनही सुरळीत चालायला लागलं, खोकला एकदम गेला. मीनल खूश. "वा काकी! अजून हात पण नाही लावला!" बापूसाहेब उठून आलेच. दार उघडलं, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून एक पाय आत टाकला.

आणि साचे थांबले. सगळे. एकदम.

मी ओरडले, "बंद कर! मीनल, चावी बंद कर!"

"अहो, का? आता तर मस्त चाललीय..."

"बंद कर म्हणते ना!"

माझा आवाज ऐकून ती घाबरली. बापूसाहेबांवरून वाकून तिने चावी फिरवली. मग दोघी मिळून मोबाइलचा टॉर्च घेऊन बघायला लागलो. काय शोधायचं ते मला तरी कुठे माहीत होतं? मीनललाच दिसलं. कार्बोरेटरला पेट्रोल नेणारा रबरी पाइप. वरून चांगला, खालच्या अंगाने चिरलेला. आणि बरोबर त्याच्याखाली तापलेला एक्झॉस्ट. आमच्या डोळ्यांदेखत एक थेंब पडला... चर्र झालं... वाफ वर आली. या गाड्यांना पेट्रोलचा वास कायमच असतो, म्हणून कोणाला शंका आली नव्हती.

बापूसाहेबांचा एक पाय अजून गाडीतच. म्हणाले, "वहिनी, तुमचा कान आहे की काय आहे!"

मला रडूच कोसळलं. म्हटलं, "बापूसाहेब, कान मेलाय हा. चार वर्षं झाली. मी तुम्हाला फसवायला आले होते. तुम्ही बापलेक आज माझ्या भरवशावर..."

मीनलने मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. शहाणी पोर, समजूत घालायला लागली. "थोडी नस जिवंत असेल काकी. नळीतून आवाज मोठा होऊन पोचला असेल." मलाही ते पटायला लागलं होतं, खरंच सांगते. मग माझं मन रमवायला तिने नळी हातात घेतली. "मला शिकवा आता," म्हणत धूळ उडवायला फुंकर मारली.

परत मारली. गाल फुगले तिचे.

"काकी... यातून हवा जात नाहीये."

बापूसाहेबांनी तार दिली. तिने ती आत घालून ढोसलं, तर खुर्चीखालच्या पेपरवर बदाबदा माती पडली. कुंभारीण माशीने नळीच्या मध्यावर घर केलं होतं. बोटभर लांब, दगडासारखा घट्ट बूच, आत वाळलेले कोळी. माशी कधीच उडून गेलेली. कधीपासून होता तो कोणास ठाऊक.

आम्ही तिघं त्या मातीकडे बघत बसलो.

पाइप बदलला. पुढच्या रविवारी बापूसाहेबांची चक्कर झाली, दाराबाहेर हात सोडून पोरासारखे बसले होते. मी कान पुन्हा तपासून घेतला. डॉक्टरांनी कागद दाखवला. उजव्या कानाची रेघ तळाला, पहिल्यासारखीच. त्यांना मी बाकीचं सांगितलं नाही. काय सांगणार?

नळी आता आरपार मोकळी आहे. नात शाळेत गेली की मी ती उजव्या कानाला लावून बघते. काही येत नाही. डोकं चालवून दमले, तुमच्यापैकी कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा.

मनाला एवढंच लागतं — तीस वर्षं त्या माणसाला मी थापाड्या म्हटलं, आणि ते मागे घ्यायचं ठरवलं तरी बहिऱ्याला सांगायचं कसं, त्याच्या पाठीवर थाप मारल्याशिवाय?