दारात टांगलेला ओळंबा

अमेरिकेतल्या अर्विंगमध्ये चैत्रालीचं बंदुका दुरुस्तीचं दुकान आहे. साताऱ्याहून आलेले बाबा तिथे दिवसभर गप्प बसून असत. मुलीच्या गोऱ्या गिऱ्हाइकांना आपण गवंडी हे कशाला कळायला हवं!

शनिवारी वेड नावाचा शिकारी तणतणत आला. रायफलवर नवी दुर्बीण बसवल्यापासून जवळचा नेम बरोबर लागे. पण लांबच्या नेमासाठी वरची चकती फिरवली की गोळी उजवीकडे जाई. सगळे स्क्रू त्यानं तीनदा आवळले होते.

"आता हात लावशील तर बघ!" चैत्राली खेकसली. तिनं रायफल व्हाइसच्या पकडीत सपाट धरली, दारात बाबांचा पितळी ओळंबा टांगला आणि दुर्बिणीतून पाहिलं. आतली उभी रेघ दोरीशी जुळत नव्हती. दुर्बीणच तिरकी बसली होती, म्हणून चकती फिरवली की नेम वर जाताना बाजूलाही सरकत होता! दुर्बीण धरणाऱ्या कड्या सैल करून तिनं रेघ बरोबर दोरीवर आणली आणि स्क्रू आवळले.

नेमबाजीच्या रेंजवर गोळ्या झाडून वेड हसतच परतला. "आयडिया कुणाची?"

"माझ्या बाबांची. गवंडी आहेत ते," चैत्राली मान ताठ करून म्हणाली.

वेडनं हात पुढे केला. बाबा उठले, त्यांनी हात मिळवला आणि मग दाराकडे बोट दाखवलं.

"चैतू, ही चौकट कुणी बसवली? अर्धा इंच तिरकी आहे. उद्या काढून सरळ बसवतो मी."